सात षटकं, पाच चेंडू

हेमंत जगदाळे यांच्या डोक्यात अजून कुणी राहतंय की नाही, हे ठरवायला कायद्यानं तीन संधी दिल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन वापरून झाल्या होत्या. दुसरीचा निकाल डॉक्टर पट्टणशेट्टींनी मंगळवारी सकाळी अकरा वाजता सांगितला. निकाल कोरा होता. सांगताना त्यांनी सवयीनं टिश्यूचा डबा पुढं सरकवला. वैजयंतीबाईंनी त्यातला एक कागद घेतला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "बरं. मग तिसरी कधी?"

"शुक्रवारी. पण बाई, मनाची तयारी असू द्या."

मनाची तयारी म्हणजे काय करायचं असतं, हे त्यांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. चौऱ्याऐंशी दिवस त्या मिरजेच्या या रुग्णालयात रोज दहा ते सहा बसत होत्या, एखाद्या नोकरीवर यावं तशा. दिवाळीनंतरच्या एका सकाळी हेमंतराव दाढी करता करता आरशासमोर कोसळले. मेंदूच्या बुडाशी रक्ताची गुठळी. डोळे हलेनात, बोट हलेना, श्वास यंत्राचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सही करायची ती एकट्या वैजयंतीबाईंनीच. त्यांना दुःख होत होतं का? खरं सांगायचं तर नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं त्यांना सगळंच झालं होतं.

या चाचणीला सगळे 'मोजणी' म्हणत. आमच्याकडे मोजणी म्हटलं की माणसाला आधी जमिनीचीच आठवते आणि पाठोपाठ भाऊबंदकी, पण २०४३ साली रुग्णालयात मोजणी म्हणजे वेगळी गोष्ट होती. माणूस निपचित पडलाय म्हणजे आत कुणी नाही असं नसतं, हे डॉक्टरांना फार आधीपासून माहीत होतं. आतल्याला ओळखायचं कसं, एवढंच अडलं होतं. मग कवटीखाली सरकवायची एक जाळी निघाली, साबुदाण्याच्या पापडाएवढी पातळ. माणूस मनात मोजू लागला की प्रत्येक अंकाला मेंदूतल्या ठरावीक पेशी एकदा चमकतात. ते एक पाऊल. कुठला अंक आहे ते जाळीला कळत नाही, पाऊल पडलं एवढंच कळतं. पण नऊचे दहा होताना, एकोणीसचे वीस होताना, म्हणजे एकाचं घर भरून शेजारच्या घरात जाताना, मेंदूत दुसऱ्याच जागी एक उंच ठोका उठतो. पावलं झोपेतही पडू शकतात. तो उंच ठोका मात्र घर भरल्याचं कुणाला तरी समजलं असेल तरच येतो. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. वॉर्डातली मंडळी त्याला सरळ 'हातचा' म्हणत.

रुग्णाच्या कानात सांगायचं, मोजा. बारा मिनिटं बघायचं. हातचे नियमानं आले, तर माणूस जागृत. तीनदा आले नाहीत, तर नातेवाइकांसमोर श्वासाचं यंत्र काढायचा फॉर्म.

वैजयंतीबाईंनी तेहतीस वर्षं दुसरीच्या पोरांना हातचा शिकवला होता. त्यांच्या नवऱ्याला तो येत नाही म्हणून त्याला मेलेला ठरवणार होते, यावर कुणीतरी हसायला हवं होतं.

*

मोजणीचं यंत्र चालवणारी मुलगी रेश्मा मुल्ला. तिनं दुपारी त्यांना गॅलरीतून आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी दुसरीत तुमच्याकडं होते. हातचा लिहायला विसरायचे, तुम्ही वहीत दर बेरजेच्या डोक्यावर चौकट आखून द्यायचात."

"चौकट सगळ्यांनाच आखून द्यायचे मी," वैजयंतीबाई म्हणाल्या. मग बरं दिसावं म्हणून म्हणाल्या, "आता येतो ना?"

"आता त्याचाच पगार खाते." रेश्मा हसली आणि लगेच गंभीर झाली. "सरांच्या चाचणीत हातचे आलेत, बाई. चांगले उंच. यंत्रानं ते बाद केले."

"का?"

"कारण ते दहावर येत नाहीत."

मग रेश्मानं समजावलं. घर दहालाच बदलायचं, याला बोटं दहा आहेत यापलीकडं काही कारण नाही. घड्याळ साठला घर बदलतं, केळीवाला बाराला, संगणक दोनला. ज्या संख्येला घर बदलतं तिला पाया म्हणायचं. पन्नास ही संख्या घ्या. दहाच्या पायात ती पाच आणि शून्य. बाराच्या पायात चार डझन आणि दोन. साताच्या पायात मांडली तर १०१, आहेराच्या पाकिटावर शोभेल अशी. संख्या तीच, कपडे वेगळे. काही माणसं दहाखेरीज दुसऱ्याच पायात मोजतात, म्हणून यंत्र दोनपासून साठपर्यंत सगळे पाये लावून बघतं.

"पण त्यात फसगत असते," ती म्हणाली. "कुठलीही संख्या तिच्याहून एकानं लहान पायात लिहिली की ११ दिसते. एकोणपन्नासाचा पाया घेतला की पन्नास म्हणजे अकरा. एक घर भरलं आणि वर एक उरला. म्हणजे हवा तसा पाया घ्यायची मुभा असेल, तर कुठलाही कचरा देखणा दिसतो. माणूस गेलेला असतो आणि घरच्यांना त्यात रोज नवीन खूण सापडते. म्हणून यंत्र कंजूष ठेवलंय. एकच पाया शेवटपर्यंत चालला पाहिजे, नाहीतर बाद."

"आणि यांचं?"

तिनं पडदा वळवला. दोन्ही चाचण्यांत तेच होतं. पन्नास पावलं, मग थोडी शांतता, मग पुन्हा पहिल्यापासून पन्नास. डॉक्टरांनी तो श्वासाच्या यंत्राचा पडसाद धरला होता. पन्नासात आठ हातचे. दोन हातच्यांमधली पावलं रेश्मानं कागदावर लिहून ठेवली होती: ६, ६, ७, ६, ८, ६, ६, ५.

वैजयंतीबाईंनी कागद हातात घेतला. त्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही असं त्या सगळ्यांना सांगत. पण पस्तीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याचं थोडं तरी अंगाला लागतंच.

"ही षटकं आहेत," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यात एक वाइड पडलाय. पाचव्यात दोन."

हेमंतराव पाटबंधारे खात्यात होते, पण ती फक्त नोकरी. खरे ते पंच. सांगली-मिरजेतल्या मैदानांवर रविवारची एकही स्पर्धा त्यांच्यावाचून होत नसे. बाकीचे पंच षटक मोजायला खिशात सहा नाणी नाहीतर खडे ठेवत आणि चेंडू पडला की एकेक या खिशातून त्या खिशात टाकत. हेमंतराव खडे बाळगत नसत. मनात मोजत, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. हळूहळू त्यांचं सगळंच सहाच्या घरात गेलं. घराच्या जिन्याला त्यांच्या मते तीन षटकं आणि दोन पायऱ्या होत्या. आठवडा म्हणजे एक षटक आणि एक सुट्टी.

रेश्मा कागदाकडं बघत राहिली. तिचे डोळे चमकले, मग विझले. "बाई, मलाही हे हवंच आहे. पण वाइड धरायला लागलो तर सात काय, नऊ काय, काहीही बसवता येईल. मी म्हटलं ना, तीच फसगत. आणि शेवटचा पाच? वाइडनं चेंडू वाढतात. कमी कसा होईल? पाचाचं षटक नसतंच. तिथं तुमचं म्हणणं मोडतं."

"हो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पाचाचं षटक नसतं."

आणि त्या उठून बाहेर गेल्या.

*

पाचाचं षटक एकदा होतं. बावीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, टेनिस चेंडूच्या स्पर्धेचा अंतिम सामना, आठ-आठ षटकांचा. फलंदाजीला वैजयंतीबाईंचा धाकटा भाऊ प्रशांत, पंच त्याचे दाजी. दुसऱ्या टोकाला पंच म्हणून फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कुणीतरी उभा असतो, त्याचं लक्ष धावांवर. बघायला साखर कारखान्याच्या संघाचे साहेब आले होते, आणि जिंकवणाऱ्या पोराला संघात जागा, म्हणजे कारखान्यात नोकरी, असं ठरल्यात जमा होतं. शेवटच्या षटकात पाचव्या चेंडूवर प्रशांतनं पळून दोन धावा काढल्या. आता एका चेंडूत दोन हव्या होत्या. हेमंतरावांनी बेल्स उचलल्या आणि सामना संपला म्हणून सांगितलं.

प्रशांतचा गुणलेखक टेबलावरून ओरडत होता, पण तोवर जिंकलेली पोरं ढोल घेऊन मैदानात घुसली होती. साहेब गाडीत बसून निघून गेले.

चूक कुणाकडूनही होते. पण आदल्या संध्याकाळी जेवताना साला-मेहुण्यांची चांगलीच जुंपली होती. प्रशांत म्हणाला होता, खडे घ्या दाजी खिशात, वय झालं. हेमंतराव ताटावरून उठता उठता म्हणाले होते, तुझी मिजास मी एकदा उतरवणार आहे. म्हणून सामन्यानंतर वैजयंतीबाईंनी स्वयंपाकघरात नवऱ्याला विचारलं, "मुद्दाम केलंत ना?"

ते म्हणाले, "मी सहा मोजले."

पुन्हा कधी या विषयावर ते बोलले नाहीत, आणि त्यांनी पंचगिरी त्या दिवशी सोडली. प्रशांत इचलकरंजीला यंत्रमागावर लागला आणि या घराची पायरी चढला नाही. वैजयंतीबाई नवऱ्याशी भांडल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत. फक्त त्यांच्यातलं बोलणं चहा ठेवलाय, गॅस संपला, लाइट गेली, एवढ्यावर आलं. बावीस वर्षं. त्या दोघांत राग असा उरलाच नव्हता. राग असायला माणूस समोर दिसावा लागतो.

रुग्णालयात नर्स म्हणायच्या, बोला त्यांच्याशी, कान शाबूत असतो. त्या वाकून सांगायच्या, "गॅस लावून घेतला." पुढं काय सांगायचं ते सुचायचं नाही.

*

प्रशांतला त्यांनी गॅलरीतल्या बाकावरूनच फोन लावला.

"ताई? गेले का?"

"नाही. तुझ्याकडं त्या सामन्याचा स्कोअरचा कागद आहे?"

पलीकडं यंत्रमागांचा खडखडाट होता. दार लागल्याचा आवाज आला आणि खडखडाट दूर गेला. "फोटो आहे की. तक्रार करायला काढला होता. कशाला पाहिजे?"

"शेवटच्या डावातली षटकं वाच. प्रत्येक षटकात किती चेंडू टाकले तेवढंच सांग. वाइड धरून." आपल्याकडचे आकडे त्यांनी त्याला सांगितले नाहीत. रेश्माचं म्हणणं त्यांच्या डोक्यात होतं. आधी सांगितलं असतं तर त्यालाही तेच दिसलं असतं.

"थांब. पहिलं, सहा. दुसरं, सहा. तिसऱ्यात एक वाइड हाय, म्हणजे सात. चौथं सहा. पाचव्यात दोन वाइड, आठ. सहा. सहा. आणि शेवटचं..." तो थांबला. "शेवटचं तुला म्हायतीच हाय."

"पाच."

"पाच. कशाला उकरून काढालीस हे आता?"

"तुझे दाजी तोच सामना मोजतायत," त्या म्हणाल्या. "आतल्या आत. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा."

पलीकडं दार उघडलं, खडखडाट पुन्हा जवळ आला. मग फोन बंद झाला.

*

रेश्मानं आपला कागद आणि बाईंनी फोनवर उतरवून घेतलेला कागद शेजारी ठेवले आणि तोंडावर हात धरला. मग तिनं भराभर हिशेब मांडला. पन्नास पावलं, त्यांतले तीन वाइड मोजायचे नाहीत. राहिले सत्तेचाळीस. सहाच्या पायात सत्तेचाळीस म्हणजे ११५, घर अर्धवट राहिलेलं. एक जास्त असता तर अठ्ठेचाळीस, म्हणजे १२०. स्वच्छ, पूर्ण, आठ षटकं.

"ते हरवलेला चेंडू शोधतायत, बाई. पुन्हा पुन्हा मोजून बघतायत कुठं गेला ते."

"शेवटच्या पाचावर हातचा आलाय का? नीट बघ. की नुसतंच थांबलेत?"

"आलाय. बाकीच्यांइतकाच उंच."

"मुद्दाम आणता येतो?"

रेश्मानं नाही म्हणून मान हलवली. हे यंत्र तयार होताना लोकांना खोटं मोजायला सांगून पाहिलं होतं. नवालाच दहा म्हणा. तोंडानं लोक दहा म्हणाले, पण हातचा खऱ्या दहाव्यालाच उठला. घर भरलं असं मनापासून वाटल्याशिवाय तो येत नाही. "आता ही आठवण आहे, बावीस वर्षांची. जशीच्या तशी असेल असं मी लिहून देणार नाही. पण खोटं बोलणाऱ्याचा ठोका असा नसतो. त्यांच्या लेखी ते सहाच होते."

वैजयंतीबाई खुर्चीवर बसल्या. आपण चुकलो, एवढं त्यांना समजलं. समजलं, पण आत कुठं काही हललं नाही. बावीस वर्षं एका माणसाला आपण चहा देतो पण माफी देत नाही, आणि तो निर्दोष निघतो, यावर रडू यायला हवं. आलं नाही. याचीच त्यांना थोडी भीती वाटली.

डॉक्टर पट्टणशेट्टींना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी ते तीनदा वाचले. "चाचणीच्या अर्जात एक रकाना आहे, 'अपेक्षित क्रम'. चाचणीआधी क्रम लिहून पाकीट बंद करायचं. आलेला क्रम आकड्यानं आकडा जुळला, तर समितीला जागृत म्हणावंच लागतं. शुक्रवारी हा क्रम पुन्हा आला की झालं."

"मग काय होईल?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग श्वासाचं यंत्र कुणालाच काढता येणार नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही. हृदय चांगलं आहे त्यांचं. दहा वर्षं, बारा वर्षं. बाकीचं शरीर येणार नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगितलंय."

"आणि ते मोजत राहतील."

"बहुतेक."

रेश्मा त्यांच्यामागोमाग गॅलरीत आली. "बाई, एक सांगू? शुक्रवारी तुम्ही शेजारी बसू शकता, हात धरू शकता. पण बोलू नका. तुमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं आणि क्रम मोडला, तर पाकीट बाद. चौथी चाचणी नसते."

"बोलले नाही तर ते वाचतात."

"कागदावर तरी वाचतात."

कागदावर वाचलेला माणूस रोज कितीदा तो सामना उभा राहून संपवेल, याचा हिशेब वैजयंतीबाईंनी चालता चालता केला. एका फेरीला सहा मिनिटं. तासाला दहा. दिवसाला दोनशे चाळीस वेळा तो बेल्स उचलणार, आणि दोनशे चाळीस वेळा बायको विचारणार, मुद्दाम केलंत ना?

*

शुक्रवारी सकाळी पाकीट बंद झालं. रेश्मानं यंत्र लावलं, कानातल्या आवाजानं मोजायला सांगितलं, आणि पडद्यावर पहिलं पाऊल पडलं. डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते.

वैजयंतीबाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. बऱ्याच वर्षांनी. तो नुसता हात होता, थोडा सुजलेला, कोमट.

सहा. हातचा. सहा. हातचा. तिसऱ्या षटकात वाइड पडला, आणि त्यांना आपोआप वाटलं की हे आता हात पसरतील. सात, हातचा. त्या मनात बरोबर मोजत होत्या. चौथं. पाचव्यात आठ. रेश्मा हातातल्या यादीवर एकेक खूण करत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. सहावं जुळलं. सातवं जुळलं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. पस्तीस सेकंद. गप्प बसणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आठवं षटक. एक. दोन. तीन. चार.

त्या वाकल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"अहो, हा पाचवा आहे. एक राहिलाय अजून. बेल्स उचलू नका. तुम्ही चुकलात, मुद्दाम नाही केलंत. मला कळलं. प्रशांत उभा आहे तिकडं बॅट घेऊन, टाकू द्या चेंडू."

"बाई!" रेश्मा उठून उभी राहिली.

पाचवं पाऊल पडलं. हातचा आला नाही. रेघ सपाट पुढं गेली. एरवी सात सेकंदांत पाऊल पडायचं. दहा झाले, पंधरा झाले. डॉक्टर भिंतीपासून पुढं आले. त्या तिघांनीही श्वास रोखला होता, खोलीत श्वास फक्त यंत्राचा होता.

सहावं पाऊल पडलं. आणि हातचा उठला, सगळ्या पन्नासात नव्हता एवढा उंच.

त्यानंतर काहीच नाही. थोडी शांतता नेहमी असायची, ती संपली आणि नवी फेरी सुरू झाली नाही. बारा मिनिटं झाली तरी नाही. डॉक्टरांनी मोजणीचं यंत्र सोमवारपर्यंत चालू ठेवायला सांगितलं. सोमवारपर्यंत एकही पाऊल पडलं नाही.

"ते होते, बाई," डॉक्टर म्हणाले. "हे मी कुठं लिहू शकत नाही. पाकिटात पाच आहे आणि आलेत सहा. नियमानं क्रम जुळला नाही." मग फॉर्म त्यांच्याकडं सरकवला आणि पेन बराच वेळ स्वतःच्याच हातात ठेवलं.

रेश्मा एका कोपऱ्यात रडत होती. वैजयंतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिला पाणी दिलं आणि सही केली. सही नेहमीसारखीच स्वच्छ आली.

*

प्रशांत सोमवारी दुपारी पोहोचला. पंचेचाळिशीचा, केस गेलेला, अंगावर कापसाचे तंतू तसेच. कामावरून थेट आला होता. बावीस वर्षांनी दाजींना बघून तो दारातच थबकला.

"काढलं का?"

"तुझ्यासाठी थांबवलंय. डॉक्टर येतायत." वैजयंतीबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि शुक्रवारी काय झालं ते सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं, क्रमानं. सहावा चेंडू पडला. हातचा आला. "त्यांनी खरंच सहा मोजले होते, प्रशांत. आपण दोघांनी त्यांना लबाड ठरवलं. यंत्रामुळं कळलं तरी."

प्रशांत खाली मान घालून बसला होता. बाहीवरचा एक तंतू उचलून म्हणाला, "मला म्हायती होतं."

"काय?"

"पाचव्या चेंडूवर दोन पळालो न्हवं का मी. पहिली पळून दाजींच्या टोकाला टेकलो, तिथनं वळालो. वळताना ऐकलं. तोंडातल्या तोंडात म्हणाले ते, 'सहा.' साधंच, मोजतात तसं. मला तेव्हाच कळलं की यांची मोजणी चुकलीय." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "चिडलो होतो, ताई. नोकरी गेली होती. तू म्हणालीस मुद्दाम केलं, मी म्हटलं असू दे. जरा भोगू दे त्यांना. आठ-पंधरा दिवसांनी सांगणारच होतो. मग तू पण काही इचारलं नाहीस, आणि सांगायचं राहूनच गेलं."

"राहून गेलं," वैजयंतीबाई म्हणाल्या.

त्यांच्या छातीत काहीतरी एकदम गरम झालं. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. तीन महिन्यांत त्यांना पहिल्यांदा काही वाटत होतं, कदाचित बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ते एवढं होतं की त्यांना आधी नवऱ्यालाच हाक मारून सांगावंसं वाटलं. त्या त्यांच्याकडं वळल्या.

दार उघडलं आणि डॉक्टर पट्टणशेट्टी हातमोजे चढवत आत आले.